स्वमग्न लेकराला शौचाची सवय लावताना



सातपुड्यातील बालकार्याची विचारपूस करताना काही वाचक विचारतात, "स्वमग्न मुलांसाठी डायपर पाठवू का?" या प्रश्नामागे प्रेम आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. प्रवासात, दवाखान्याच्या रांगेत किंवा आजारपणात डायपर उपयोगी पडतो. पण रोज डायपर घातलेल्या मुलाला ओलेपणा जाणवत नाही, आणि जे जाणवत नाही ते शिकायला आणखी उशीर होतो. डोंगरात वापरलेले डायपर टाकायला जागा नसते. ते शेवटी नाल्यात जातात, आणि त्याच नाल्याचे पाणी खालचा पाडा भरतो. मुलाला स्वतः शौचाला जाता येणे ही याहून मोठी गरज आहे. हे काम कसे चालते आणि त्याला इतका वेळ का लागतो, हे आपल्याला कळावे म्हणून हा लेख.

विषय थोडा अडचणीचा वाटेल. पण आपल्या प्रभूने शिष्यांचे धुळीचे पाय स्वतः धुतले. शरीराच्या साध्या गरजांची सेवा त्याने हलकी मानली नाही.

एवढ्याशा गोष्टीने काय अडते?

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत घरे डोंगरउतारावर विखुरलेली असतात. अशा एखाद्या पाड्यावर पाच वर्षांचा एक मुलगा आहे असे समजा. तो बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, तासन् तास झाकण फिरवत बसतो. त्याला शी-शू कळत नाही. अंगणवाडीत दोनदा कपडे खराब झाले की सेविका म्हणते, "जरा मोठा झाला की पाठवा." तिच्यापुढे वीस-पंचवीस मुले असतात, त्यामुळे तिलाही दोष देता येत नाही. पुढे शाळेत आणि वसतिगृहात हाच प्रश्न पहिला विचारला जातो. रविवारच्या उपासनेला आई येते, पण मुलाला घेऊन बाहेर झाडाखाली बसते. हळूहळू तीही यायची थांबते.

म्हणजे एका सवयीपायी शाळा, सोबती आणि मंडळी ही तिन्ही दारे बंद होतात. मुलगा मोठा होतो तशी अडचण वाढते. पाच वर्षांच्या मुलाला आई उचलून धुते. पंधरा वर्षांच्या मुलाला कोण धुणार?

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा साथीचा रोग नाही. मेंदूची जडणघडण वेगळ्या रीतीने झाल्यामुळे बोलणे, इतरांशी नाते जोडणे आणि आवाज, स्पर्श, वास यांचा अनुभव घेणे या गोष्टी या मुलांमध्ये वेगळ्या असतात. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने 1943 साली अशा मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एके काळी आईच्या थंडपणामुळे असे होते अशी समजूत होती. ती खोटी ठरली. लसीमुळे, शापामुळे किंवा आईवडिलांच्या पापामुळेही स्वमग्नता होत नाही. जन्मतः आंधळ्या माणसाविषयी शिष्यांनी प्रभूला विचारले की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, तेव्हा प्रभूने दोन्ही नाकारले. पाड्यावरच्या आईला ही गोष्ट आधी सांगावी लागते, कारण तिला लोक हाच प्रश्न विचारतात.

शौचाची सवय या मुलांना जड का जाते?

इतर मुले साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय शिकतात. त्यांना कुणी फारसे शिकवतही नाही. मोठ्या भावंडांचे पाहून, आईला खूश करण्याच्या हौसेने ती शिकतात. स्वमग्न मुलाला हे दोन्ही मार्ग अवघड असतात. अनुकरण त्याला सहज येत नाही, आणि "शहाणा गं माझा" या शब्दांचे त्याला फारसे मोल वाटत नाही.

दुसरे कारण शरीराच्या आतले आहे. मूत्राशय भरले, पोटात कळ आली, ही सूचना कित्येक स्वमग्न मुलांना स्पष्ट कळत नाही किंवा फार उशिरा कळते. कळली तरी सांगायला शब्द नसतात.

तिसरे कारण म्हणजे बदलाची भीती. पाड्यावरची मुले उघड्यावर, ठराविक झुडपामागे जात आली आहेत. 2 ऑक्टोबर 2014 पासून सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात बारा हजार रुपयांच्या अनुदानावर घरोघरी संडास उभे राहिले. मोठ्यांच्या दृष्टीने ती सोय झाली. स्वमग्न मुलाच्या दृष्टीने मात्र ती एक अंधारी, अरुंद खोली आहे. पत्र्याचे दार कर्कश वाजते, बादलीत पाणी पडले की आवाज घुमतो, वास नाकात बसतो, आणि पायाखाली एक काळे भोक असते, त्यात आपण पडू की काय असे वाटते. असा मुलगा संडासाच्या दारातच अंग टाकून रडतो. लोक म्हणतात हट्टी आहे. खरे पाहता तो भ्यालेला असतो.

आधी पोट तपासा

सवय लावण्यापूर्वी मुलाला डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. स्वमग्न मुलांमध्ये बद्धकोष्ठ फार आढळते. त्यांचे खाणे मोजकेच असते. एखादे मूल नुसता भात किंवा नुसती बिस्किटे खाते, भाजीला हात लावत नाही. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, खडा होणे, शौचाच्या वेळी रडणे किंवा पाय आवळून उभे राहणे ही त्याची लक्षणे आहेत. एक खूण नेहमी फसवते. आत खडा अडकलेला असताना त्याच्या कडेने पातळ मळ पाझरतो, चड्डी सतत डागळते आणि घरच्यांना जुलाब झाले असे वाटते. मग जुलाबाचे औषध दिले जाते आणि खडा आणखी घट्ट होतो.

ज्याला शौचाच्या वेळी दुखते ते मूल शौच धरूनच ठेवणार. त्याला कितीही बसवले तरी ते शिकणार नाही. म्हणून आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने मळ मऊ करणारे औषध, भरपूर पाणी, आणि मुलाला चालेल त्या रूपात फळ, भाजी, मक्याची किंवा ज्वारीची भाकर. औषध कधी कधी काही महिने चालू ठेवावे लागते. पोट एकदा साफ झाले म्हणून ते मनाने बंद करू नये. पोट फुगले म्हणून चटके देण्याचा उपाय काही भागांत अजून केला जातो. त्याने इजा होते आणि खडा जागेवरच राहतो. लघवीला जळजळ, रक्त किंवा ताप असेल तर त्याचीही तपासणी आधी व्हावी.

आठवडाभर नुसते पाहा

यानंतर आठ-दहा दिवस काही शिकवायचे नाही, फक्त मूल केव्हा शू करते आणि केव्हा शी करते ते पाहायचे. लिहिता येणाऱ्या घरी वहीत खूण करता येते. ज्या आईला लिहिता येत नाही तिने भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढाव्यात. उठल्यावर, न्याहारीनंतर, दुपारी, गुरे परतताना, निजताना असे दिवसाचे पाच भाग करून त्या त्या भागात शूसाठी उभी आणि शीसाठी आडवी रेघ. आठवड्यात चित्र दिसू लागते. पुष्कळ मुलांना खाल्ल्यानंतर पंधरा ते तीस मिनिटांत शौचाची भावना होते, कारण पोटात अन्न गेले की आतडी हलू लागतात. मूल दीड-दोन तास कोरडे राहत असेल तर मूत्राशय थोडे धरू शकते असे समजावे, आणि सुरुवात करायला तो काळ चांगला.

एकेक पायरी

संडासात जाणे ही आपल्याला एकच कृती वाटते. प्रत्यक्षात तिच्यात बारा-पंधरा कृती असतात. दाराशी जाणे, आत शिरणे, चड्डी खाली करणे, पाय जागेवर ठेवणे, बसणे, थांबणे, शौच करणे, धुणे, उठणे, चड्डी वर ओढणे, पाणी टाकणे, बाहेर येणे, साबणाने हात धुणे. स्वमग्न मुलाला यातली प्रत्येक कृती वेगळी शिकवावी लागते.

पहिले काम भीती घालवण्याचे. एक-दोन दिवस मुलाने फक्त दारापर्यंत जायचे. मग दार उघडे ठेवून आत उभे राहायचे. मग कपड्यांसह क्षणभर बसायचे. रडायला लागण्यापूर्वीच बाहेर आणायचे. आत उजेडासाठी कंदील किंवा सौरदिवा टांगावा, बादली आधीच भरून ठेवावी, भांडे धुऊन वास कमी करावा. पाय कुठे ठेवायचे ते रंगाने दाखवावे. आई किंवा वडिलांनी समोर बसून दोन्ही हात धरले की पडण्याची भीती कमी होते. उकिडवे बसण्याने मळाची वाट सरळ होते, त्यामुळे आपले देशी भांडे या कामाला चांगलेच आहे. आधी वेगळ्या भांड्यावर शिकवून मग संडासात नेणे टाळावे, कारण या मुलांना एक सवय मोडून दुसरी लावणे दुप्पट कठीण जाते. जिथे शेवटी जायचे आहे तिथूनच सुरुवात करावी.

मग रोजच्या ठरलेल्या वेळी, वहीतल्या किंवा भिंतीवरच्या रेघा पाहून, त्याला न्यावे. "शू आली का?" असे विचारण्यात अर्थ नाही, त्याला ते ठाऊक नसते. त्याला एक खूण द्यावी. शहरात यासाठी चित्रांचे कार्ड वापरतात. पाड्यावर आणखी सोपी खूण आहे, आणि ती म्हणजे टमरेल. प्रत्येक वेळी तेच टमरेल त्याच्या हातात द्यावे आणि एकच शब्द म्हणावा. काही आठवड्यांनी मूल स्वतः टमरेल आणून आईच्या हातात देते. बोलता न येणाऱ्या मुलाने आपली गरज सांगितली, असा त्याचा अर्थ.

शब्द कोणता, हेही महत्त्वाचे. घरात पावरी किंवा भिली, अंगणवाडीत मराठी, आणि आपल्या कार्यकर्त्याच्या तोंडी तिसराच शब्द असे झाले तर मूल गोंधळते. घरचा शब्द सर्वांनी स्वीकारावा.

तीन ते पाच मिनिटांपेक्षा जास्त बसवू नये. काही झाले नाही तर न रागावता बाहेर आणावे. झाले तर त्याच क्षणी त्याच्या आवडीची गोष्ट द्यावी, मग तो गुळाचा लहानसा खडा असो, झोळीतला झोका असो, नाहीतर फिरवायला तेच आवडते झाकण असो. ही गोष्ट दिवसात इतर वेळी मिळता कामा नये आणि यशानंतर लगेच मिळाली पाहिजे. संध्याकाळी वडील आल्यावर दिलेल्या बक्षिसाचा संबंध सकाळच्या कृतीशी त्याला जोडता येत नाही.

कपडे शिकवताना शेवटापासून सुरुवात करावी. आईने चड्डी जवळजवळ वर ओढावी, शेवटचा हिसका मुलाने द्यावा. मग अर्ध्यापासून, मग पूर्ण. नाडी आणि बटणे नकोत, ढिल्या इलॅस्टिकची चड्डी हवी. मुलग्यांनाही आधी बसूनच शू शिकवावी. उभे राहणे नंतर येते.

मारून शिकत नाही

1971 साली अझ्रिन आणि फॉक्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मतिमंदांच्या संस्थेतील रहिवाशांना ही सवय लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जास्त पाणी पाजणे, ठराविक वेळाने बसवणे, यश आले की लगेच बक्षीस देणे हा तिचा गाभा होता, आणि तो आजही उपयोगात आहे. त्या पद्धतीत चुकीबद्दल कडक शिक्षेसारखे भागही होते. ते आता सोडून दिले आहेत. मार बसला की मूल संडासाला भिते आणि लपून शौच करू लागते. आपले कुठे चुकले हे त्याला कळत नाही.

कपडे ओले झाले तर आवाज न चढवता "ओले" एवढेच म्हणावे, संडासापर्यंत न्यावे, तिथेच कपडे बदलावेत. चुका होऊ नयेत म्हणून पाणी कमी पाजणे हाही चुकीचा उपाय आहे. त्याने लघवी दाट होते आणि बद्धकोष्ठ वाढते. काही मुले मळ हाताने फासतात. घरच्यांना ते असह्य होते, पण त्यामागे बहुतेकदा खडा, खाज, नीट न धुणे किंवा मऊ स्पर्शाची ओढ असते. तपासणी करावी, हातांना ओली माती किंवा कणीक द्यावी, शौचानंतर लगेच धुवावे. रात्रीचा कोरडेपणा सर्वांत शेवटी येतो. त्याची घाई नको.

याला किती दिवस लागतात? काही मुलांना काही महिने, काहींना वर्ष-दोन वर्षे. मध्येच सवय मोडते आणि पुन्हा लावावी लागते.

ऊसतोडीच्या दिवसांत

सवय मोडण्याचे आपल्या भागातले मोठे कारण म्हणजे स्थलांतर. पावसाळी पीक निघाले की कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा दूरच्या जिल्ह्यांत जातात आणि काही होळीला, काही त्याहूनही उशिरा परततात. फडावर कोपीत राहायचे, पहाटे अंधारात निघायचे, तिथे संडास नसतो. चार-पाच महिन्यांची मेहनत तिथे वाया जाते असे वाटते.

जागा बदलली तरी काही गोष्टी सोबत नेता येतात. तेच टमरेल, तोच शब्द, जेवणानंतरची तीच वेळ, तेच बक्षीस. कोपीमागे आडोसा करून एकच जागा ठरवावी आणि रोज तिथेच न्यावे. इतकी साखळी टिकली तर परतल्यावर संडासाची सवय पुन्हा लावायला पहिल्याइतका काळ लागत नाही. निघण्याच्या घाईत आईला ही चार वाक्ये सांगणारा कोणीतरी हवा, आणि परतल्यावर पहिल्याच आठवड्यात भेटणाराही.

सरकारी सोयी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांगत्वामुळे प्रवेश नाकारता येत नाही. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. संशय आला तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळाले की पुढच्या योजनांची वाट उघडते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्न व्यक्तीला वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. कागद गोळा करणे, जिल्ह्याच्या गावी दोन-तीन खेपा घालणे हे मात्र रोजंदारीवर जगणाऱ्या आईबापांना एकट्याने जमत नाही.

आपण काय करू शकतो?

पहिली मदत पाण्याची. हातपंपावरून किंवा झऱ्यावरून डोक्यावर पाणी आणणारी आई दिवसातून सहा वेळा संडासात पाणी कसे घालणार? दारातली एक टाकी डायपरच्या खोक्यांपेक्षा जास्त उपयोगी आहे. त्याबरोबर सौरदिवा, इलॅस्टिकच्या सहा-सात चड्ड्या आणि साबण.

दुसरी मदत माणसाची. आईला दर आठवड्याला भेटून, भिंतीवरच्या रेघा पाहून, "मागच्या आठवड्यापेक्षा दोन वेळा जास्त जमले" असे सांगणारा कार्यकर्ता हवा. घरच्या माणसांना इतकी लहान प्रगती दिसत नाही. ती दाखवणारे कोणी नसले की ती प्रयत्न सोडून देतात.

तिसरी मदत आपापल्या मंडळीत. आपल्या रविवार शाळेतही असे एखादे मूल असेल, किंवा असूनही येत नसेल. मंडळीच्या संडासात उजेड आणि पाणी ठेवा, आईला दाराजवळची जागा द्या, उपासनेच्या मध्येच ती उठली तर मागे वळून पाहू नका.

आणि एक विनंती. भेटीला आलात तर या मुलांचे फोटो काढू नका. ज्याला बोलता येत नाही त्याची लाज राखणे आपल्या हाती असते. कपडे बदलताना दार लावणे, ठरलेल्या दोन-तीन माणसांनीच त्याला मदत करणे, हेही त्याला शिकवायचे असते, कारण पुढे त्याच्या सुरक्षिततेला त्याचाच आधार आहे. म्हणून या लेखासोबत कोणत्याही मुलाचे छायाचित्र छापलेले नाही.

प्रार्थनेसाठी विषय

1. शौचाची सवय लावण्यासाठी रोज धडपडणाऱ्या मातांना धीर आणि विसावा मिळावा, आणि वडिलांनीही या कामात वाटा उचलावा.

2. अंगणवाडी सेविका, आशाताई, शिक्षक आणि वसतिगृहातील कर्मचारी यांना या मुलांना सामावून घेण्याचे मन आणि बळ मिळावे.

3. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे सुखरूप परतावीत आणि मुलांनी शिकलेले टिकावे.

4. झाडाखाली बसणाऱ्या आईला आपल्या मंडळीने आत बोलवावे, लेकरासह.